मुलांना सिगारेटच्या धुरापासून वाचवायचंय? धूम्रपानबंदीचा कायदा असा वापरा

सिगारेट कशी सोडायची यावर ढिगाने लिहिलेलं आहे, हे त्यातलं नाही. हे त्यांच्यासाठी आहे जे स्वतः ओढत नाहीत (किंवा ओढतात पण पोरांसमोर नाही) आणि ज्यांच्या घरात लहान मूल आहे, त्यातही सारखी सर्दी-कफ होणारं, दम्याचा पंप घेणारं, पावसाळा आला की रात्री छाती वाजणारं मूल. अशा मुलाला घेऊन आपण बाहेर पडतो आणि रिक्षा स्टँडवर, हॉटेलात, बिल्डिंगच्या जिन्यात, कुठे ना कुठे कोणाचा तरी धूर त्याच्या नाकात जातोच, आणि आपण काय करतो तर त्याच्या तोंडावर ओढणी धरतो, "काय माणसं असतात एकेक" असं पुटपुटतो आणि पुढे सटकतो. कायदा आहे हो, २००३ चा आहे, तसा बराच धड आहे, पण तो वापरायचा कसा हे कोणी नीट सांगत नाही.

माझं म्हणणं एकाच वाक्यात सांगायचं तर ओढणाऱ्याशी भांडत बसू नका, ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला धरा. कायदा बनवणाऱ्यांनी दोरी तिथेच बांधून ठेवलीये. बाकी सगळं ही दोरी कुठे कशी ओढायची याबद्दल.

आधी हे सांगा, बंदीने खरंच काही होतं का?

हा प्रश्न सोसायटीच्या किंवा पालकांच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतंच, म्हणून उत्तर खिशात ठेवा. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ पासून पब, हॉटेलं, ऑफिसं अशा सगळ्या बंदिस्त सार्वजनिक जागांत ओढायला बंदी आली. त्याआधी तिथे दम्यामुळे हॉस्पिटलात भरती होणाऱ्या मुलांचं प्रमाण दरवर्षी साधारण ५ टक्क्यांनी वाढत होतं, बंदीनंतर ते वर्षाला १८ टक्क्यांच्या आसपास घटायला लागलं. म्हणजे पबमधली सिगारेट बंद केली आणि फरक पडला पंधरा वर्षांखालच्या पोरांना, जी पबमध्ये जातसुद्धा नाहीत! इंग्लंडने १ जुलै २००७ ला बंदी आणली, तिथेही पहिल्या तीन वर्षांत दम्याच्या मुलांच्या सुमारे ६,८०० भरत्या कमी झाल्या असा हिशोब निघाला. पुढे २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात युरोप आणि उत्तर अमेरिकेतले असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा मुदतीआधी होणारी बाळंतपणं आणि दम्यासाठी मुलांना हॉस्पिटलात न्यावं लागणं, दोन्ही १० टक्क्यांच्या आसपास कमी झालेली दिसली. घरात कोणी गरोदर असेल तर त्यातलं मुदतीआधीच्या बाळंतपणाचं वाक्य परत एकदा वाचा.

आता मीटिंगमधला हुशार माणूस म्हणणार, "बाहेर बंदी केली की लोक घरी जाऊन ओढतील, मग पोरांना जास्तच त्रास." ही भीती तिकडेही होती. स्कॉटलंडमध्ये बंदीच्या आधी आणि नंतर अकरा वर्षांच्या आसपासच्या शाळकरी मुलांच्या लाळेत कोटिनिन मोजलं, म्हणजे निकोटिन शरीरात गेल्यावर जे बनतं ते, आणि ते वाढायच्या ऐवजी ३९ टक्क्यांनी कमी झालेलं निघालं. पण खाचाखोचा बघा, हा फायदा जास्त करून त्या मुलांना झाला ज्यांच्या घरी आईबाप दोघंही ओढत नव्हते किंवा फक्त बाप ओढत होता, जिथे आई ओढायची तिथे म्हणावा असा फरक पडला नाही. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो, आत आपल्यालाच बघावं लागतं. त्यावर पुढे येतेच.

आणि हो, हे आकडे तिकडचे आहेत, तिकडे बंदी म्हणजे खरंच बंदी होती, आपल्याकडे पाटीच्या खालीच उभं राहून ओढतात, त्यामुळे असाच फरक इथे आपोआप पडेल असं समजू नका. पाडावा लागेल.

लहान मुलांनाच जास्त का भोवतं याचं कारण सोपं आहे. आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, तान्हं बाळ ३० ते ४० वेळा घेतं, श्वासनळ्या अरुंद, फुप्फुसं अजून वाढतायत आणि मुख्य म्हणजे त्याला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. दमा, ब्रॉन्कायटिस, न्यूमोनिया तर आहेच, पण कानात पाणी साठणं, कान सारखा फुटणं हेसुद्धा धुराने वाढतं हे बऱ्याच आईबापांना माहीतच नसतं, ते बिचारे वर्षभर कानाचे ड्रॉप टाकत बसतात.

कायद्यात आपल्या कामाचं काय आहे

थोडा इतिहास, कारण त्यात आपल्या मुंबईचा माणूस आहे. काँग्रेसचे नेते मुरली देवरांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली होती आणि २ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, लायब्ररी, कोर्ट, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी ओढायला मनाई केली. (गोव्याने तर त्याच्याही आधी, १९९७ मध्येच, ओढणं आणि थुंकणं दोन्हीवर स्वतःचा कायदा केला होता.) मग २००३ चा केंद्राचा कायदा आला ज्याला सगळे कोटपा म्हणतात, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले ज्यात हॉटेल, बार, मॉल, थिएटर, कामाची ठिकाणं, रेल्वे स्टेशन, बस स्टॉप सगळं आलं. "स्टँड काय उघडा आहे, इथे चालतं" हे जे लोक सांगतात ते चूक आहे, स्टेशन, बस स्टॉप आणि स्टेडियम नियमात नाव घेऊन लिहिलेत.

दंड २०० रुपयांपर्यंत. हसू येतं ना? २०० रुपयात आजकाल दोघांचा नाश्ता होत नाही. म्हणूनच म्हणते ओढणाऱ्याच्या मागे लागून काही निघत नाही, तो २०० टाकेल आणि पुढच्या चौकात परत पेटवेल. पण जागेचा मालक, मॅनेजर किंवा इनचार्ज जो कोण असेल त्याच्यावर नियमांनी चार कामं टाकलीयेत. दारावर आणि प्रत्येक मजल्यावर, जिन्यात, लिफ्टच्या तोंडाशी पाटी लावायची, ६० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटरची, पांढऱ्यावर लाल गोल. तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव ठळक लावायचं. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर असलं काही पुरवायचं नाही. आणि तक्रार आल्यावर काही केलं नाही तर जितके जण ओढत होते तितक्या जणांचा दंड त्याच्यावर. दहा जण ओढत होते? दहांचा दंड मॅनेजरला. हे एकदा त्याच्या कानावर घातलंत की बोलण्याचा सूरच बदलतो.

हॉटेलात

सगळ्यात आधी पाटी शोधा, पाटीवर किंवा आसपास तक्रारीसाठी नाव आहे का बघा. निम्म्या ठिकाणी पाटी असते, नाव जवळजवळ कुठेच नसतं. तिथूनच बोलायला सुरुवात करा.

३० किंवा जास्त लोक बसतील असं हॉटेल असेल, किंवा ३० खोल्यांचं लॉज, तर त्यांना वेगळी स्मोकिंगची जागा ठेवता येते, पण तिच्या अटी आहेत. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंत, आपोआप बंद होणारं दार, आतली हवा थेट बाहेर टाकणारी व्यवस्था, येण्याजाण्याच्या वाटेवर नको आणि आत काहीही सर्व्ह करायचं नाही. आता तुमच्या ओळखीतली "स्मोकिंग झोन" आठवून बघा. एकीकडे आम्ही जेवायला गेलो होतो तर मधे काचेचं पार्टिशन, डोक्यापर्यंतच, दाराच्या जागी नुसती चौकट आणि आत वेटर ट्रे घेऊन फिरतोय. आमच्या टेबलवर पाच वर्षांची भाची, पंपवाली. मॅनेजरला बोलावलं.

"मॅडम, तो आमचा स्मोकिंग झोन आहे, परमिशन आहे त्याची."

"बरं, मग दार कुठाय त्याला?"

"दार... उघडं असतं मॅडम, एसीसाठी."

"दिसत नाहीये म्हणून विचारलं. वरती भिंतही नाहीये. आणि आत ऑर्डर जातेय, ती नियमात चालत नाही. तुमच्या इथे तक्रार घ्यायला कोण आहे, त्यांचं नाव कुठे लावलंय?"

आवाज चढवला नाही, व्हिडिओ काढला नाही. पाच मिनिटांत आतले दोन ॲशट्रे उचलले गेले आणि आत ओढत बसलेली मुलं गुपचूप बाहेर गेली ओढायला. त्या मुलांशी मी एक शब्दही बोलले नव्हते हे लक्षात घ्या. त्यांच्याशी बोलले असते तर "तुम्हाला प्रॉब्लेम असेल तर तुम्ही टेबल बदला" इथपासून सुरू झालं असतं, शेवट कुठे झाला असता देव जाणे.

मॅनेजरने ऐकलंच नाही तर? जेवण सोडून उठा, बिलावर नाव-पत्ता-तारीख असतेच ते जपून ठेवा आणि लेखी तक्रार द्या, ती कशी ते खाली आहे. पोलिसांत सब-इन्स्पेक्टर आणि त्यावरचे अधिकारी दंड करू शकतात. आणि एक, एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून बिनधास्त बसू नका. मिरचीची फोडणी स्वयंपाकघरात दिली तरी ठसका हॉलमध्ये लागतो ना, चिमणी चालू असली तरी लागतो, तसंच आहे हे.

बिल्डिंगमध्ये

इथे सगळ्यात जास्त डोकेदुखी, कारण माणसं रोजची. तुमच्या आमच्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक जागा ठरलेली असते, दुसरा आणि तिसरा मजला यांच्या मधला टप्पा, तिथली जाळीची खिडकी, खिडकीच्या कट्ट्यावर थोटकं आणि एका जुन्या कुंडीचं झालेलं ॲशट्रे. घरी बायको ओढू देत नाही म्हणून काका तिथे येतात, आणि धूर जिन्याने वर चढत थेट आपल्या दाराच्या फटीतून आत.

फ्लॅटच्या आत आणि स्वतःच्या गॅलरीत कायदा काही करू शकत नाही, हे आधीच मान्य करून टाका. जिना, लिफ्ट, लॉबी, पार्किंग ही मात्र लोकांच्या येण्याजाण्याची जागा, वॉचमन, सफाईवाल्या मावशी, लिफ्ट दुरुस्तीवाला यांची तर कामाचीच जागा. तरी सोसायटीच्या जिन्यावरून पोलीस बोलावणं म्हणजे कायदा जरा ताणणं होतं, तिथे वाद घालणारा घालू शकतो, म्हणून मी सांगेन सोसायटीच्याच रस्त्याने जा. सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या की पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घ्या: सामाईक जागेत धूम्रपान बंद, प्रत्येक मजल्यावर पाटी, तक्रार कोणाकडे ते नाव. ठराव झाला आणि इतिवृत्तात आला की मग ती तुमची एकटीची कटकट राहत नाही, सोसायटीचा नियम होतो.

सभेत बोलताना काकांचं नाव घेऊ नका, "तिसऱ्या मजल्याच्या टप्प्यावर" असंही म्हणू नका, सगळ्यांना कळतंच. मुलाच्या दम्यापासून सुरुवात करा आणि बिल्डिंगमध्ये अजून कोणाकोणाकडे पंप आहे हे आधी विचारून ठेवा. आमच्याकडे विचारायला गेले तर वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी घरांत पंप निघाला, दोन आज्यांसकट, आणि मग त्या आज्याच सभेत अशा काही बोलल्या की मला तोंड उघडावं लागलं नाही. काकांना ठरावातच गच्चीचा कोपरा सोडून द्या, किंवा गेटबाहेर. माणसाला जायला जागा ठेवली की तो ऐकतो, चारी बाजूंनी कोंडला की मुद्दाम तिथेच येऊन ओढतो.

खालच्या गॅलरीतून धूर येत असेल तर तिथे नुसतं बोलणंच उपयोगाचं. "दादा, आमचं बाळ दुपारी एक ते तीन झोपतं तेवढं जरा सांभाळाल का" असं वेळ सांगून मागितलं तर बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत. मोघम तक्रारीला लोक मोघम मान हलवतात.

शाळेबाहेर

इथे कायदा सगळ्यात कडक आहे आणि सगळ्यात जास्त मोडला जातो. शाळेच्या १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूचं काहीही विकायचं नाही. अंतर शाळेच्या कंपाउंड भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून सगळीकडे मोजायचं, गेटपासून नाही, आणि टपरीवाला नेमकं गेटपासून आणि तेही वळसा घालून मोजून दाखवतो. १८ वर्षांखालच्या कोणालाही विकायचं नाही, आणि १८ खालच्या पोराला विकायला बसवायचंही नाही. वर महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्टी सिगारेट-बिडी विकायलाच बंदी आहे, आता हे वाचून कोणीही टपरीवाला हसेल, पण अर्जात लिहायला मुद्दा चांगला आहे, कारण पोरं पाकीट घेत नाहीत, सुट्टीच घेतात.

करायचं काय तर पालक सभेत विषय काढा आणि मुख्याध्यापकांना सांगा की तंबाखूमुक्त शाळेच्या सरकारी मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात हे ९१ मीटरचं अंतर पिवळ्या रेषेने आखायला सांगितलंय. पीटीच्या सरांकडे मैदान आखायचा टेप असतोच, एका शनिवारी शाळा सुटल्यावर सातवी-आठवीची पोरं बरोबर घेऊन मोजा. फक्कीने खूण करा, रंग नंतर. पोरांना मजा येते आणि टपरीवाल्यांना दिसतं की काहीतरी चाललंय. एका शाळेच्या बाहेर मोजलं तर तीन टपऱ्या आत आल्या, त्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी तंबाखूच्या पुड्यांच्या माळा काढून तिथे चिक्की आणि वेफर्स लावले, दुसरा "बघतो" म्हणाला, तिसऱ्याने आम्हालाच दम दिला. तिसऱ्याचा अर्ज वॉर्ड ऑफिसला आणि पोलीस स्टेशनला, दोन्हीकडे गेला.

टपरीवाल्याचं पोट असतं त्याच्यावर, हे मीही मानते, म्हणून पहिल्या भेटीत "हटाव" असं बोलू नये. टपरी राहू दे, चहा विक, बिस्किटं विक, फक्त ते सामान नको. आणि शाळेच्या आवारात शिक्षक किंवा शिपाईच ओढत असतील (असतात!) तर दंड करायचा अधिकार मुख्याध्यापकांनाच आहे, पावतीपुस्तक नाही म्हणाले तर जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे मागा, तो जिल्हा रुग्णालयात असतो.

मुलाला कोणी तंबाखू, सिगारेट, गुटखा हातात दिला, विकत असो की फुकट, तर प्रकरण २०० रुपयांचं राहत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे मी सहसा आधी काढत नाही, पण त्या तिसऱ्या टपरीवाल्यासारखा कोणी भेटला तर काढावं. हुक्का पार्लर महाराष्ट्रात २०१८ पासून बंद, ई-सिगारेट म्हणजे व्हेप देशभर २०१९ पासून बंद, तरी आठवी-नववीच्या दप्तरात पेन ड्राइव्हसारखं किंवा हायलायटरसारखं दिसणारं काही सापडलं आणि त्याला गोड वास येत असला तर ते काय आहे ते ओळखा.

प्रवासात

रिक्षा, टॅक्सी, ओला-उबर सगळी सार्वजनिक वाहनं. रिक्षावाले दादा ओढत असतील तर बसण्याआधीच "दादा, पोराला दमा आहे, विझवता का?" म्हणायचं, बसल्यावर नाही. बहुतेक विझवतात. एसटीत ड्रायव्हर-कंडक्टरपैकी कोणी ओढलं तर तिथे हुज्जत न घालता बस नंबर आणि वेळ टिपून उतरल्यावर वाहतूक नियंत्रक किंवा आगार व्यवस्थापकांकडे लेखी द्या. स्टँडवरही तेच. रेल्वेत डब्याच्या टोकाला टॉयलेटपाशी ओढतात आणि एसी डब्यात तो धूर आत फिरत राहतो, टीसीला सांगा नाहीतर १३९ ला फोन करा, रेल्वेचा स्वतःचा वेगळा कायदा आहे त्यासाठी. प्लॅटफॉर्मवर दंड करायचा अधिकार स्टेशन मास्तरला.

स्वतःची गाडी मात्र आपल्या कायद्यात येत नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ खालचं मूल गाडीत असेल तर ओढायला बंदी आहे, काच खाली असली तरी. आपल्याकडे नसेना का, घरापुरता लागू करून टाका.

आणि घरात

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं की घरात त्यांच्या नाकात दुसऱ्याचा धूर जातो. २००९-१० मध्ये हेच ५२.३ टक्के होतं, म्हणजे कमी होतंय, पण अजून खूप आहे, आणि ज्या घरात मोठ्यांच्या नाकात जातो तिथे पोरांच्याही जातोच.

घरातल्या ओढणाऱ्याला सांगायचं कोणी, हे आधी ठरवा. सासऱ्यांना सुनेने सांगितलं की विषय धुराचा राहत नाही, सुनेचा होतो. मुलाने सांगावं, नाहीतर लेकीने. आणि बिडी सोडा असं सुरुवातीलाच म्हणू नका, जागा मागा.

"अण्णा, बिडी सोडा म्हणत नाहीये मी. पोरगी झोपते त्या खोलीत आणि हॉलमध्ये नको, एवढंच."

"अरे मी खिडकीत बसून ओढतो की."

"खिडकीतून वाराही आतच येतो ना. तुम्ही अंगणात बसा, मी खुर्ची टाकतो तिथे. चहा पण तिथेच आणून देतो."

चहा तिथेच मिळणार हे ठरलं की निम्मं काम झालं, कारण बिडी आणि चहा यांची जोडी असते. तरीही ऐकलं नाही तर बालरोगतज्ज्ञांकडे जाताना अण्णांनाच बरोबर न्या आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की प्रिस्क्रिप्शनवर औषधांच्या खाली "घरात धूम्रपान पूर्ण बंद" असं लिहून सही करा. आपल्या पोराने सांगितलेलं चालत नाही, डॉक्टरच्या कागदावरचं चालतं, आपली घरं अशीच आहेत. डॉक्टरांना घरात कोण काय ओढतं हे खरं सांगा, लाजून लपवलंत तर ते औषधच वाढवत बसतील.

बाहेर ओढून आले तरी लगेच बाळ उचलायचं नाही. हात-तोंड धुवायचं, शक्यतो शर्ट बदलायचा, कारण निकोटिन आणि बाकीचं कपड्यांना, पडद्यांना, गादीला चिकटून राहतं आणि रांगतं बाळ सगळं तोंडात घालतं. शर्ट बदलल्याने सगळं जात नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. बाथरूममध्ये ओढून एक्झॉस्ट लावला, रूम फ्रेशनर मारला याला काही अर्थ नाही, वास जातो, धूर राहतो.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच पाटीवर नसते. आपल्याकडे, गावाकडे जास्त, पण शहरातल्या चाळींतही, बायका मशेरी घरी भाजतात. तंबाखू तव्यावर टाकायची, काळी होईपर्यंत परतायची, आणि तो जो ठसका उठतो त्याने शेजारच्या घरातलं बाळसुद्धा खोकत उठतं. याला कोणी धूम्रपान म्हणत नाही म्हणून कोणी बोलतही नाही. आजी सोडणार नसेल तर निदान भाजायचं काम पोरं शाळेत असताना आणि घराबाहेर चुलीवर, एवढं तरी पदरात पाडून घ्या. तसंच सिन्नर-सोलापूरकडे बिड्या वळणाऱ्या घरांत, पानं-तंबाखूची सुपं एका खोलीत आणि पोरं दुसऱ्या खोलीत असं जमलं तर बघा, जागाच नसते हे मला माहितीये.

कोणाला खरंच सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आहे, पाकिटावरच छापलेला असतो. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्रही असतं.

अर्ज कसा लिहायचा

भावना कमी, माहिती जास्त. एक पान पुरे. विषय: "कोटपा कायदा २००३, कलम ४ चे उल्लंघन" (टपरीचा असेल तर "कलम ६"). मग जागेचं नाव-पत्ता, तारीख, वेळ, नेमकं काय दिसलं: पाटी नाही, तक्रार-अधिकाऱ्याचं नाव नाही, टेबलवर ॲशट्रे होता, साधारण इतके लोक ओढत होते, मॅनेजरला सांगितलं, त्याने हे उत्तर दिलं. मुलाच्या आजाराबद्दल एक ओळ, जास्त नाही. शेवटी मागणी एकच आणि मोजता येईल अशी, "योग्य ती कारवाई" असं लिहू नका, त्याचा काही अर्थ होत नाही. "पाटी लावून घ्यावी आणि ॲशट्रे काढावेत, केल्याचं लेखी कळवावं" असं लिहा. फोटो काढलात तर पाटी नसलेल्या भिंतीचा, ॲशट्रेचा, टपरीचा काढा, माणसांचे चेहरे नकोत, उगाच दुसरंच भांडण लागतं.

प्रती पोलीस स्टेशनला, महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला आणि जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला. एकट्याच्या सहीपेक्षा चार पालकांच्या सह्या घ्या. नेऊन देताना झेरॉक्स बरोबर ठेवा आणि टेबलवर ठेवून परत फिरू नका, "साहेब नाहीत, नंतर या" म्हणाले तरी आवकच्या खिडकीवर जाऊन झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. पंधरा दिवसांनी परत जाल तेव्हा तोंडी कोणी ओळख देत नाही, आवक क्रमांक सांगितला की फाइल निघते.